कालवफोड्या: इंझोरीहून समुद्राकडे

इंझोरी हे वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं गाव. अरबी समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटरच्या आसपास लांब आहे. इथल्या माणसाच्या नजरेत असतं ते सोयाबीन, तूर आणि कपाशीचं शिवार, पावसाळ्यात भरून वाहणारे नाले आणि हिवाळा सरता सरता आटत जाणारं तलावाचं पाणी. अशा गावातून किनाऱ्यावरच्या एका पक्ष्याची ओळख करून देणारं पुस्तक का निघावं, असं वाचक विचारील. त्यानं ते विचारायलाच हवं, आणि त्याला सरळ उत्तर देणं हे या प्रस्तावनेचं पहिलं काम आहे.

कालवफोड्या, म्हणजेच ऑयस्टरकॅचर, हा किनाऱ्याचा पक्षी खरा. पण एवढी ओळख अर्धीच. हिवाळ्यात कोकणच्या पुळणीवर जे कालवफोडे दिसतात, ते तिथले रहिवासी नव्हेत. ते येतात रशियाच्या आतल्या भागातून, पश्चिम सायबेरियातून, कझाकस्तानातून. तिथे नद्यांच्या आणि तलावांच्या काठी, गोट्यांच्या आणि वाळूच्या बेटांवर, गवताळ मैदानांच्या कडेला त्यांची वीण होते. त्यातल्या कित्येक जागांपासून समुद्र हजार किलोमीटरहूनही लांब आहे. म्हणजे इंझोरीचा माणूस समुद्रापासून जितका दूर राहतो, त्याच्या दुप्पट दूर हा ‘समुद्रपक्षी’ अंड्यातून बाहेर पडतो. पहिले काही महिने तो गांडुळं आणि किडे खाऊन वाढतो. शिंपला त्याला भेटतो तो नंतर, दक्षिणेला उतरल्यावर. नदीकाठी वीण करणाऱ्या या पक्ष्याला आपण समुद्राचा म्हणून बाजूला ठेवलं, आणि आतल्या मुलखातल्या वाचकाला त्याच्याबद्दल कुणी काही सांगितलं नाही. मला हे मनापासून खटकतं.

दुसरं कारण घरगुती आहे. कालवफोड्याचे नातलग आपल्या शिवारात आहेत. अडाण धरणाच्या उथळ काठावर किंवा गावतळ्यात, गुलाबी काड्यांसारख्या लांब पायांवर चालणारा काळा-पांढरा शेकाट्या कुणी पाहिला नसेल असं होत नाही. शेकाट्या आणि उचाट्या यांचं कुळ हे कालवफोड्याच्या कुळाच्या अगदी जवळचं. टिटवी त्याच गोतावळ्यातली, थोडी लांबची. टिटवी धुऱ्यावर किंवा नांगरलेल्या रानात नुसता खळगा करून अंडी घालते. अंड्यांचा रंग मातीशी आणि खड्यांशी इतका मिळून जातो की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. कालवफोड्याचं घरटंही असंच असतं: जमिनीवरचा उघडा खळगा, त्यात बहुधा तीन ठिपकेदार अंडी. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जोराचा होणार, असा अंदाज वऱ्हाडात शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या बांधत आले. ज्या डोळ्यांनी टिटवीचं घरटं शोधलं, त्यांना कालवफोड्या ओळखणं अवघड नाही. त्या डोळ्यांना फक्त काय बघायचं ते सांगावं लागतं.

काय बघायचं, यावर माझं मत ठाम आहे. पक्ष्यांच्या पुस्तकात आधी रंग येतो, मग आकार, मग आवाज, आणि पक्षी पोट कसं भरतो ते शेवटी एका ओळीत. कालवफोड्याच्या बाबतीत हा क्रम उलटा करायला हवा. या पक्ष्याचं शरीर, चोच, पाय, किनाऱ्यावर येण्याची वेळ आणि उभं राहण्याची जागा, सगळं त्याच्या कामातून आलं आहे. ते काम म्हणजे बंद शिंपला उघडणं. हे काम समजलं की पक्षी ओळखू येतो, आणि एकदा ओळखला की पुन्हा चुकत नाही.

रंगावर फार विसंबू नये याला कोकणात एक खास कारण आहे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. पर्यटक समुद्रावर जातात संध्याकाळी, आणि तेव्हा सूर्य पक्ष्याच्या पाठीमागे, बघणाऱ्याच्या डोळ्यांवर असतो. चकाकणाऱ्या ओल्या वाळूवर पुळणीवरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो. लाल चोच काळी, गुलाबी पाय काळे, पांढरं पोट करडं. अशा वेळी उरते ती फक्त आकृती. म्हणून आकृतीपासूनच सुरुवात करू.

कालवफोड्या भरदार अंगाचा असतो. लांबी चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत 40 ते 45 सेंटिमीटर, पंख पसरले तर 80 सेंटिमीटरच्या वर, वजन अर्ध्या किलोच्या आसपास. मान आखूड, खांद्यात ओढलेली. पाय मजबूत पण उंच नाहीत. शेकाट्यासारखा नाजूक डौल त्याच्यात नाही. हा पक्षी मेहनतीला बांधलेला दिसतो. आणि मग ती चोच: आठ-नऊ सेंटिमीटर लांब, सरळ, मुळाशी जाड, आणि वरून खाली नव्हे तर डावीकडून उजवीकडे चपटी. समोरून पाहिली तर ती पात्यासारखी अरुंद दिसते, बाजूनं पाहिली तर रुंद. फटीत घालायची असेल तर चोच अशीच हवी. किनाऱ्यावरच्या इतर लांब चोचीच्या पक्ष्यांपैकी कुणाचीच चोच इतकी सरळ आणि इतकी भक्कम नाही.

आता सकाळच्या उन्हात, सूर्य पाठीशी घेऊन, रंग पाहू. डोकं, मान, छाती आणि पाठ काळी कुळकुळीत. पोट पांढरं शुभ्र. चोच शेंदरी-लाल, डोळे लाल, डोळ्याभोवती लाल कडं, पाय गुलाबी. पायाला बोटं तीनच, मागचं बोट नाही. हिवाळ्यात गळ्यावर एक पांढरी आडवी पट्टी येते. विणीच्या पिसाऱ्यात ती नसते. आपल्याला हे पक्षी मुख्यतः हिवाळ्यातच भेटत असल्यानं आपल्याकडच्या पुष्कळ कालवफोड्यांच्या गळ्यात हा पट्टा असतो. परदेशी पुस्तकातलं उन्हाळ्याचं चित्र घेऊन आलेला नवखा निरीक्षक या पट्ट्यापाशी अडखळतो. लहान वयाचे पक्षी काळ्याऐवजी तपकिरी झाकेचे, चोचीचं टोक मळकट काळपट, पाय फिके राखाडी. पहिल्या हिवाळ्यात आलेलं पिल्लू म्हणूनच थोडं विटलेलं दिसतं. त्याला वेगळी जात समजू नये.

थवा उडाला की सगळा संभ्रम मिटतो. पंखाच्या पूर्ण लांबीभर पांढरा रुंद पट्टा, पाठीवर कमरेपासून वर चढत गेलेलं पांढरं पाचर, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. आणि आवाज! उंच, टोकदार, घाईचा ‘क्लीप-क्लीप’. लाटांच्या गाजेतूनही तो स्पष्ट ऐकू येतो. ज्यानं रात्रीच्या अंधारात टिटवीचा आवाज ऐकला आहे त्याला या आवाजातली निकड लगेच कळेल.

कुणाशी गल्लत होते? शेकाट्याशी होऊ नये. त्याची चोच सुईसारखी बारीक आणि काळी असते, उडताना त्याचे पाय शेपटीच्या कितीतरी मागे लोंबतात. उचाट्याची चोच वर वळलेली आणि काळी. खरी गल्लत होते पाणचिऱ्याशी, कारण तोही काळा-पांढरा आणि त्याचीही चोच लाल-शेंदरी. पण त्याची खालची चोच वरच्यापेक्षा लांब असते, पाय अगदी आखूड असतात, आणि तो वाळूत टोचत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावरून उडत, खालची चोच पाण्यात बुडवून मासे पकडतो. कामावरून ओळख इथे सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. कच्छच्या आखातात, जामनगरजवळ नरारासारख्या किनाऱ्यांवर, क्रॅब प्लवर नावाचा आणखी एक काळा-पांढरा पक्षी कालवफोड्याच्या शेजारी चरताना दिसतो. त्याची चोच आखूड, जाड आणि काळी. तो खेकड्यांवर जगतो. महाराष्ट्रात तो क्वचितच दिसतो, पण गुजरातेत 1982 साली झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाकडे जाणाऱ्यानं हा फरक लक्षात ठेवावा.

आता त्या कामाकडे वळतो. या पुस्तकातला सगळ्यांत मोठा भाग त्याचाच आहे, आणि तो लिहिताना मला सर्वांत आनंद झाला.

शिंपल्यातला जीव दोन्ही शिंपा बळकट स्नायूंनी घट्ट मिटून घेतो. तिसरी असो की कालव, माणसालाही ती हातानं उघडता येत नाही. कोकणातल्या बाया कोयता नाहीतर विळी वापरतात, नाहीतर गरम पाण्यात घालतात. कालवफोड्याकडे दोन मार्ग आहेत. काही पक्षी शिंपला कठीण वाळूवर नीट बसवून त्यावर एकाच जागी चोचीचे घाव घालतात, शिंप फुटली की चोच आत सारून स्नायू कापतात. काही पक्षी घाव घालतच नाहीत. शिंपला उथळ पाण्यात किंचित उघडा असताना त्या फटीत ते चोच झटकन खुपसतात आणि स्नायू तोडतात. शिंप अखंडच राहते, फक्त उघडते. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक निको टिनबर्गेन यांच्या ऑक्सफर्डमधल्या गटातल्या एम. नॉर्टन-ग्रिफिथ्स यांनी 1960 च्या दशकात इंग्लंडच्या किनाऱ्यावर हे दोन प्रकार बारकाईनं नोंदवले. त्यांच्या निरीक्षणातून एक गोष्ट पुढे आली: एक पक्षी साधारणपणे एकच पद्धत धरून राहतो. घाव घालणारा घावच घालतो, फट शोधणारा फटच शोधतो. याशिवाय तिसरा गट असतो तो चिखलातल्या किड्यांवर जगणारा.

या तिघांच्या चोचीची टोकं वेगळी असतात. घाव घालणाऱ्याचं टोक बोथट, फट शोधणाऱ्याचं छिन्नीसारखं, किडे वेचणाऱ्याचं अणकुचीदार. ही तीन टोकं जन्मजात नसतात. कालवफोड्याची चोच दिवसाला जवळपास 0.4 मिलिमीटर वाढते, म्हणजे माणसाच्या नखाच्या कितीतरी पट वेगानं. कामानं ती झिजते आणि जशी झिजते तसा तिला आकार येतो. खाणं बदललं तर काही आठवड्यांत टोकही बदलतं. दुर्बिणीतून चोचीचं टोक नीट दिसलं तर गेल्या काही दिवसांत हा पक्षी काय खात होता हे आपण सांगू शकतो. अशी रोजच्या मेहनतीची नोंद अंगावर वागवणारे प्राणी फार थोडे. मादीची चोच सरासरी नरापेक्षा लांब असते, आणि ती किड्यांकडे जास्त वळते, नर शिंपल्यांकडे. एकाच जातीत, एकाच किनाऱ्यावर, कामाची ही अशी वाटणी होते.

हे काम शिकावं लागतं. टिटवीचं किंवा शेकाट्याचं पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं की स्वतःच टिपू लागतं. कालवफोड्याच्या पिल्लाला मात्र आईबाप आठवडेच्या आठवडे चारा आणून देतात. पाणपक्ष्यांच्या या गोतावळ्यात ही दुर्मीळ गोष्ट आहे. शिंपला उघडण्याची कला हातोहात येत नाही. तरुण पक्षी बरीच वर्षं मोठ्यांइतका तरबेज नसतो, आणि कडक हिवाळ्यात उपाशी मरणाऱ्यांत तरुणांची संख्या जास्त असते. पण जो टिकतो तो खूप टिकतो. पायात कडी घातलेल्या पक्ष्यांच्या युरोपातल्या नोंदींत चाळीस वर्षांहून जास्त जगलेले कालवफोडे आहेत. कोकणात दर हिवाळ्याला येणारा एखादा पक्षी आपल्या शाळेतल्या शिक्षकापेक्षा वयानं मोठा असू शकतो. वर्गात हे सांगितलं की मुलं क्षणभर गप्प होतात आणि मग प्रश्नांचा पाऊस पडतो. हे पुस्तक त्या प्रश्नांसाठीच लिहिलं.

जो पक्षी इतका शिंपल्यांना बांधलेला, त्याचं बरंवाईट शिंपल्यांबरोबरच ठरतं. नेदरलँड्सच्या वाडन समुद्रात 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला शिंपल्यांची अतोनात मासेमारी झाली आणि हजारो कालवफोड्यांवर उपासमार आली. बरीच वर्षं वाद चालला, अभ्यास झाले, आणि 2005 पासून तिथे यंत्रानं कॉकल शिंपल्यांचं उत्खनन थांबवलं गेलं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं 2015 पासून युरेशियन कालवफोड्याला ‘संकटसमीप’ गटात ठेवलं आहे. कॅनरी बेटांवरची त्याची एक काळी जात तर विसाव्या शतकात कायमची गेली. त्या बेटांवर ज्या गोगलगायी आणि शिंपल्यांवर ती जगत होती, तेच माणूसही ओरबाडत होता.

आपल्या किनाऱ्यावर चित्र निराळं आहे, आणि त्याबद्दल मी विस्तारानं लिहिलं आहे. कोकणात ओहोटीच्या वेळी, सुकती लागली की, टोपल्या घेऊन तिसऱ्या, मुळे, कालवं गोळा करायला निघणाऱ्या बाया आणि कालवफोडे एकाच पुळणीवर, एकाच वेळी, एकाच अन्नासाठी येतात. हातानं गोळा करण्याची ही रीत पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि तिनं पक्षी उपाशी राहिल्याचं कुठे दिसत नाही. पक्ष्याला त्रास होतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ओल्या वाळूवरून पळवलेल्या मोटारी आणि घोडागाड्या, भटकी कुत्री, आणि फोटोसाठी थवा उडवणारे लोक. ओहोटी सहा तासांची. त्यातले थोडेच तास शिंपले उघडे पडतात. त्या वेळात पक्षी पुन्हा पुन्हा उडाला तर त्याचं पोट भरत नाही, आणि एप्रिलपर्यंत अंगात साठवायला हवी ती चरबी साठत नाही. पुढचा प्रवास हिंदुकुश आणि मध्य आशियाच्या पलीकडचा आहे. एका थव्याला उगाच उडवणं ही क्षुल्लक खोडी वाटते. सायबेरियापर्यंत जायचं असलेल्या पक्ष्याला ती महागात पडते. इथे मला आवाज चढवावासा वाटतो, आणि पुस्तकात तो चढवला आहे.

पुस्तक कुणासाठी, हेही सांगायला हवं. सालिम अलींचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक 1941 साली पहिल्यांदा आलं आणि त्यानं कितीतरी माणसांना दुर्बीण हातात धरायला लावली. मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीचं काम तर 1883 पासून चालू आहे. हे सगळं ज्ञान मुंबई-पुण्याच्या वाचकाला सहज मिळतं. मानोरा, कारंजा, मंगरूळपीरच्या शाळेतल्या मुलाला किनाऱ्याचा पक्षी भेटतो तो सहलीच्या दोन दिवसांत, तोही धावता. त्या दोन दिवसांत त्याला काय बघायचं ते आधीच माहीत असावं, म्हणून हा खटाटोप. सहलीआधी मुलांना एकदा गावच्या तळ्यावर न्यावं. शेकाट्या दाखवावा, चोच सुईसारखी का आहे ते विचारावं. हिरवी तुतारी दाखवावी, ती काठावर शेपटी हलवत काय टिपते ते बघायला लावावं. टिटवीच्या चोचीकडे बघून ती शिंपला फोडू शकेल का, असं विचारावं. कामावरून पक्षी ओळखायची सवय इथेच लागते, समुद्रावर नव्हे.

आणि मग कोकणात. रायगड जिल्ह्यात अलिबागजवळचा आक्षीचा किनारा कालवफोड्यांसाठी पक्षीनिरीक्षकांत प्रसिद्ध आहे. तिथे कुरव, सुरय आणि वाळूवर लाटेमागे पळणारे बारके सँडरलिंग सोबतीला असतात. किनारा कोणताही असो, वेळ चुकली तर पक्षी नुसते एका पायावर, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेले दिसतील, कारण भरतीत त्यांना करायला काम नसतं. वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कोकणातल्या मासेमारांचा जुना हिशेब घरातल्या कालनिर्णयवर करता येतो: त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, येणारा आकडा ही भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर किंवा अमावास्येनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरतीत सहा तास मिळवले की ओहोटी.

अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं. ते फारसं मागे जात नाही, शिंपल्यांची वाळू कमी उघडी पडते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी सगळ्यांत लांब ओसरतं. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत जायचं तर द्वितीया किंवा तृतीया धरावी. त्या दिवशी भरती दुपारी दीड ते सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या सुमारास. सूर्य तेव्हा सह्याद्रीच्या बाजूनं, तुमच्या पाठीशी असेल. सात वाजता पुळणीवर पोचावं, पाण्याच्या रेषेपासून शंभरेक पावलं अलीकडे थांबावं, आणि आधी रंग शोधू नये. वाळूकडे मान घालून एकाच जागी घाव घालत उभा असलेला पक्षी शोधावा.